सात वर्षं घरी मोजलेलं बीपी

आमच्या मालकांचं बीपी मी सात वर्षं घरी मोजलं आणि सातही वर्षं चुकीचं मोजलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं वहीचं वगैरे वाचून कुणाला वाटायचं, बाई फार हुशार दिसते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोलीस ॲक्शन झाल्यावर चार-पाच वर्षांनी पाचोडकडच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. शाळा देवळात भरायची. माझं अक्षर चांगलं होतं आणि पाढे पाठ होते. पुढं शिकवलं नाही. त्या वेळी कुणाच्याच मुलीला शिकवत नव्हते, त्यामुळं मला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. लग्न मेंढरं राखणाऱ्या घरात झालं. मालक काही वर्षं मेंढरांमागं फिरले. वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा एका कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आम्ही दोघं हर्सूलला दोन खोल्यांच्या घरात राहतो. मुलगा आणि सून बजाजनगरला असतात.

मालकांना बीपी निघालं ते रिटायर झाल्यावर. चौकात एक डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण बोलणं नीट. त्यांनी एक गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, "घरी मशीन घ्या. दवाखान्यात आलं की माणूस घाबरतो, आकडा चढतो. घरी शांतपणे मोजलेलं जास्त खरं असतं."

मुलानं मशीन आणलं. दंडाला गुंडाळायचा पट्टा, एक नळी आणि बटण. बटण दाबलं की पट्टा फुगतो, हात आवळतो, मग हळूहळू हवा सुटते आणि आकडे येतात. वरचा, खालचा आणि नाडीचा. मुलानं एकदा उभ्याउभ्या करून दाखवलं आणि त्याला ड्युटी होती म्हणून गेला. मशीनसोबत एक कागद आला होता, त्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. मराठी त्यात नव्हतंच. कागद मी घडी करून डब्यात ठेवला.

मग आम्ही आमची पद्धत बसवली. मालक सकाळी दूध घेऊन यायचे. हातपाय धुवून चटईवर मांडी घालून बसायचे. त्यांचं सगळं खालीच असतं. जेवण खाली, दाढी खाली, पेपर वाचणं खाली. घरात प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आहेत, पण त्या एकात एक घालून कोपऱ्यात असतात. पाहुणे आले की निघतात. मालक खुर्चीत बसायचे ते न्हाव्याकडं, नाहीतर दवाखान्यात. तर ते मांडी घालून बसले की मी मशीन त्यांच्यापुढं फरशीवर ठेवायची. खाली ठेवलं की पडायची भीती नाही, असा माझा विचार. पट्टा गुंडाळायची आणि म्हणायची, "हात टेकवा." ते बाजूला तळहात टेकवायचे आणि जरा त्यावर भार देऊन बसायचे. पाठ दुखते म्हणून त्यांना तसं बरं वाटायचं. मी बटण दाबायची.

आकडा मी वहीत लिहायची. दोनशे पानी, एकरेघी वही. तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी. पट्टीनं रेघा मारलेल्या. एक दिवस चुकला नाही. मला ताप आला तरी चुकला नाही. महिन्याच्या महिन्याला ती वही दवाखान्यात न्यायची. पहिल्याच खेपेला डॉक्टरीणबाईंनी ती इतर पेशंटना उघडून दाखवली. "बघा, आजींनी कसं लिहिलंय. असं पाहिजे." मला तेव्हा किती चांगलं वाटलं ते मी लपवत नाही. देवळातली शाळा सुटल्यापासून माझ्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्यानंतर मी वही आणखीनच नीट ठेवायला लागले.

गल्लीतल्या बायकाही मोजून घ्यायला यायच्या. समोरच्या खाला तर आठवड्याला एकदा ठरलेल्या. त्यांनाही मी चटईवर बसवून, हात टेकवून मोजायची. "मेरा कितना हुआ? मरने का है क्या?" असं त्या दर वेळी विचारायच्या आणि आकडा ऐकून दर वेळी घाबरायच्या. मला मान मिळत होता, मी घेत होते.

वहीत मालकांचा वरचा आकडा एकशे पंचावन्न, एकशे साठ असा राहायचा. दवाखान्यात एकशे अडतीस, एकशे चाळीस. डॉक्टरीणबाई विचारात पडायच्या. म्हणायच्या, "इतरांचं इथं जास्त येतं आणि घरी कमी. बाबांचं उलटं आहे. असंही असतं काहींचं. पण वही रोजची आहे, मी वहीवरच विश्वास ठेवते." असं करत एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या.

तिसरी गोळी सुरू झाल्यावर मालकांना चक्कर यायला लागली. उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायची आणि भिंत धरावी लागायची.

आता त्यांच्या बाजाराचं सांगितलं पाहिजे, कारण खरा प्रश्न तिथंच होता. मालक दर आठवड्याला पाचोडच्या बाजाराला जायचे. घ्यायला-विकायला नाही. त्यांचा भाऊ तिकडं अजून मेंढरं राखतो, तो बाजारात येतो. पण भाऊ हे निमित्त. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात मालकांना लोक विचारतात. जनावराचे ओठ वर करून दात बघायचे आणि वय सांगायचं, पोट चाचपून गाभण आहे का ते सांगायचं, पाय बघून खोड सांगायची, हे त्यांचं. वीस-वीस वर्षं ओळखीची माणसं. "थांबा, म्हातारबाबा येऊ द्या, मग सौदा करू," असं म्हणतात. कारखान्यात त्यांना कुणी काही विचारलं नाही. घरात मी विचारत नाही. बाजारात विचारतात. आठवड्यातले सहा दिवस ते त्या एका दिवसासाठी काढायचे, हे मला लग्न होऊन पन्नास वर्षं झाल्यावर नीट कळायला हवं होतं आणि कळलेलंही होतं.

एकदा बाजारातून येताना बसस्टँडवर ते गाडीतून उतरले आणि तिथंच खाली बसले. कुणीतरी त्यांच्या खिशातल्या फोनवरून मुलाला फोन लावला. मुलगा कामावरून धावत आला. लागलं काही नव्हतं. पण घरी आल्यावर त्यानं सांगून टाकलं, "आबा, आता बाजार बंद. एकट्यानं घराबाहेर पडायचं नाय."

"मग काय करू? हिचं तोंड बघत बसू?"

"बसा की. पन्नास वर्षं बघितलंच ना."

"ते कामावर जाता-येता बघितलं. दिवसभर नाय बघितलं."

मी म्हणाले, "मलाही काही हौस नाय दिवसभर दाखवायची."

हसण्यावारी गेलं, पण बाजार बंद झाला. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मालक सकाळी कपडे घालून दारात बसले. कुठं जायचं नव्हतं. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. दुपारी झोपले. त्याच्या पुढच्या आठवड्यात कपडेही घातले नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. भावाचा फोन आला तर म्हणाले, "येतो की, पाय जरा दुखतोय." पाय दुखत नव्हता.

मुलाला आणि मला वाटत होतं की चक्कर बीपी वाढल्यानं येते. वही तेच सांगत होती. एकशे छप्पन्न, एकशे साठ. मुलगा म्हणाला, "तीन गोळ्या खाऊन एवढं, तर चौथी लागंल." मी मालकांच्या जेवणातलं मीठ आणखी कमी केलं, लोणचं बंद केलं. ते म्हणाले, "आता एक काम कर. भाकरी पण बंद कर, म्हणजे बीपीच राहणार नाय."

महिना भरला तेव्हा मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. वही घेतली. त्या वेळी मशीनही पिशवीत टाकलं. कारण असं की पट्ट्याचं चिकटायचं जिथं असतं ते ढिलं पडलं होतं, फुगताना मधेच सुटायचं. नवा पट्टा वेगळा मिळतो का, ते मला विचारायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी चक्करचं सगळं ऐकून घेतलं. मग मशीन पाहून म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. किती वर्षांचं आहे?"

"सात झाली."

"कधी तपासून घेतलंत?"

मला मशीनही तपासतात हे माहीत नव्हतं. घड्याळ मागं पडलं तर कळतं, वजनकाट्याचं पण माप तपासतात. याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी मालकांना खुर्चीत बसवलं. हात टेबलावर ठेवायला सांगितला. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही म्हणाल्या. मग स्वतःच्या मशीननं मोजलं, थोड्या वेळानं आमच्या मशीननं, पट्टा हातानं दाबून धरून. पुन्हा त्यांच्यानं, पुन्हा आमच्यानं. एकशे चौतीस, एकशे छत्तीस, एकशे तेहतीस, एकशे छत्तीस.

"मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पट्टा बदला. पण आकडा बरोबर देतंय."

मला बरं वाटलं. म्हटलं, मशीन बरोबर, वही बरोबर. त्या मात्र वहीकडं बघत बसल्या. कालचं पान, परवाचं पान, मागचं वर्ष. मग म्हणाल्या, "आजी, हेच मशीन, हेच बाबा. घरी एकशे साठ कसं येतं? तुम्ही कसं मोजता ते मला करून दाखवा."

मी म्हटलं, "इथं?"

"इथंच."

मी टेबलाखाली बघितलं. फरशी पुसलेली होती. सिस्टरकडून एक चादर मागून घेतली आणि खाली अंथरली. मालकांना म्हटलं, "बसा." ते बसले मांडी घालून. खुर्चीपेक्षा खाली बसल्यावर त्यांचा चेहराच बदलला, सुटल्यासारखा. मी पुढं बसले, मशीन फरशीवर ठेवलं, पट्टा गुंडाळला. "हात टेकवा. नीट टेकवा. काल संध्याकाळी गोळी घेतली होती का खरं सांगा, मला डब्यात एक जास्त दिसतीय." हे बोलता बोलता बटण दाबलं.

एकशे सत्तावन्न.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या आणि आमच्याजवळ खाली येऊन बसल्या. बाहेरचे पेशंट पडद्याआडून डोकावत होते. त्यांनी मालकांचा जमिनीवर टेकलेला हात मनगटाला धरून उचलला, खाली एकावर एक दोन उशा ठेवल्या, त्यावर हात ठेवला. "ढिला सोडा बाबा. भार देऊ नका. आजी, तुम्ही बोलू नका." थोडं थांबून बटण दाबलं. एकशे एकोणचाळीस.

मला तिथंच समजलं. समजायला वेळ लागावा असं त्यात काही नव्हतंच. त्यांनी मग सांगितलंही. पट्टा छातीच्या उंचीला पाहिजे. हात खाली गेला की आकडा वाढतो. हातावर भार दिला की आणखी वाढतो. बोललं की वाढतो. मांडी घातली, चालून आल्याआल्या मोजलं, तरी फरक पडतो. मी यातलं एकही सोडलं नव्हतं.

"आणि आजी, माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "वही इतकी चांगली होती की कसं मोजता हे मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही."

हे त्यांनी बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तसं म्हणणारी माणसं कमी असतात. पण त्यामुळं माझी चूक काही कमी झाली नाही.

मग त्यांनी मालकांना तपासायच्या पलंगावर आडवं केलं, मोजलं. उभं केलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. उभ्यानं एकशे आठ आलं. मालक पलंगाची कड धरून उभे होते. "हे बघा," त्या म्हणाल्या, "चक्कर बीपी वाढल्यानं नाही येत. उठलं की फार उतरतं म्हणून येते. गोळ्या जास्त झाल्यात." त्यांनी तिसरी गोळी त्या दिवसापासून थांबवली. दुसरीचं पुढं बघू म्हणाल्या. आपल्या मनानं काही कमी-जास्त करायचं नाही, हे तीनदा बजावलं.

रिक्षात मालक म्हणाले, "म्हणजे सात वर्षं तू माझं नाय, जमिनीचं बीपी मोजलं."

"व्हय."

"जमिनीला लई गोळ्या लागत्यात म्हण की."

मुलाला संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो चिडला. "आई, अगं कागद आला होता ना सोबत. वाचून घ्यायचा कुणाकडून तरी." त्याचं बरोबर होतं. पण मीही म्हणाले, "तू उभ्यानं दाखवून गेलास. तुलाही वाचता येत होतं." भांडण तिथंच संपलं, कारण दोघांचंही खरं होतं.

खालाकडं मी स्वतः गेले. सांगितलं की तुमचे सगळे आकडे चुकले असतील, दवाखान्यात जाऊन नीट मोजून घ्या. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हौ का? और मैं दो साल से नमक छोडके बैठी!" मग हसल्या आणि मला चहा पाजला. तिसऱ्या घरातली बाई मात्र नाही हसली. ती म्हणाली, "शिकलं-सवरलं नसलं की असंच होतं." ती स्वतः बारावी झालेली आहे आणि दोन वर्षं माझ्याच चटईवर बसून मोजून घेत होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. घरी आल्यावर आठवलं.

वही फाडून टाकावी असं माझ्या मनात आलं होतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर नको म्हणाल्या. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच पद्धतीनं मोजलं होतं, त्यामुळं कुठल्या महिन्यात वाढलं आणि कुठल्या महिन्यात उतरलं, ते त्यातून अजून दिसतं म्हणाल्या. चढउतार खरा, आकडा खोटा. हे फार दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मी एखाद्या दिवशी खुर्चीवर, एखाद्या दिवशी चटईवर असं धरसोडीनं मोजलं असतं, तर आकडे उड्या मारताना दिसले असते आणि चूक पहिल्याच वर्षी सापडली असती. मी नियमानं चुकले म्हणून सात वर्षं चालून गेलं. नीटनेटकेपणाचा मला तेव्हापासून थोडा संशय येतो, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

नवीन पद्धत बसवायला त्रास झाला. कोपऱ्यातली एक खुर्ची कायमची काढली. मालक पाय लोंबकळत ठेवायचे. पाय टेकवा म्हटलं तर टाच टेकवायचे. "पाव्हण्याच्या घरी आल्यासारखं वाटतंय," म्हणायचे. हाताखाली स्टूल ठेवलं तर ते बुटकं पडायचं, म्हणून त्यावर घडी केलेलं कांबळं ठेवलं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, हे मालकांना जमलं. मला जमायला पंधरा दिवस लागले. दोनदा मोजायचं, मधे एक मिनिट जाऊ द्यायचं, दोन्ही आकडे लिहायचे. नवा पट्टा मालकांच्या दंडाच्या मापाचा बघून घेतला. आणि वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात न्यायचं, त्यांच्या मशीनशी ताडून बघायला. दोन वर्षं नेलं. तिसऱ्या वर्षी दोन्हींत दहा-बाराचा फरक निघाला आणि मुलानं नवीन आणून दिलं. हे मात्र मशीनचं चुकलं होतं, माझं नाही.

पण ते पुढचं. तेव्हा आमच्यापुढं प्रश्न बाजाराचा होता.

तिसरी गोळी थांबल्यावर आठवडाभरात अंधारी कमी झाली. महिन्यानं दुसरी गोळी अर्धी झाली. उठल्यावर लगेच चालायचं नाही, आधी बसून राहायचं, मग उभं राहून दहा आकडे मोजायचे, असं त्यांना शिकवलं होतं. ते मोठ्यानं मोजायचे, मला ऐकू यावं म्हणून. भिंत धरणं सुटलं. मग एक दिवस मुलगा आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढं खाली बसून, उठून, बसून, उठून दाखवलं. मुलगा म्हणाला, "बस करा आबा, बघितलं." डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जा.

मी गेले. पाचोडला उतरल्यावर मालक माझ्यापुढं वीस पावलं चालायला लागले. बायको घेऊन आली असं लोकांना वाटू नये म्हणून. मी मागं राहिले. बाजारात त्यांचा भाऊ भेटला, दोन-तीन ओळखीचे भेटले. कुणीतरी म्हणालं, "कुठं गेला होता वो बाबा एवढे दिवस? आम्हाला वाटलं गेला." मालक म्हणाले, "जाणार होतो. बायकोनं हिशेब चुकवला म्हणून राहिलो."

एका माणसानं शेळी पुढं केली. मालक वाकले, ओठ वर करून दात बघितले, तसेच वाकून मागचे पाय बघितले. मी भज्यांच्या गाड्यामागं उभी होते. माझं लक्ष शेळीकडं नव्हतं. आता हे वर होणार आणि वर होताना काय होतं, एवढंच बघत होते. ते एकदम उठले नाहीत. आधी गुडघ्यावर बसले, शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बघणाऱ्याला वाटलं असेल, जनावर जोखतायत. मग सावकाश उभे राहिले. ओठ हलत होते. दहा झाल्यावर म्हणाले, "चार दाती हाय. घे."

मग त्यांनी मला गाड्यामागं बघितलं. आले आणि म्हणाले, "आता बघितलंस ना? जा घरी. पुढची गाडी लागलेली असंल."

मी गेले.

ते दिवस मावळायच्या आधी एकटे आले. मी त्यांना आल्याआल्या मोजलं नाही. पाणी दिलं, अर्धा तास जाऊ दिला. मग खुर्चीत बसवलं, पाय टेकवायला लावले, हात कांबळ्यावर ठेवला. दोनदा मोजलं. एकशे शेहेचाळीस, एकशे त्रेचाळीस. रोजच्यापेक्षा थोडं जास्त होतं. दिवसभर उन्हात फिरले होते आणि भावाकडं लोणचं नक्कीच खाल्लं होतं. दोन्ही आकडे जसे आले तसे लिहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग पुढच्या बाजाराला?"

"जावा," मी म्हणाले. "पण लोणचं नाय."